ब्रदरांचा केसपेपर

"खरां सांग. मी पोलीस नाय, तुझी बायको पण नाय." दारूचा पेशंट आला की आमच्या घाटकोपरच्या रुग्णालयातले ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, केसपेपरवर पेन टेकवून एवढंच म्हणायचे. डॉक्टरांना 'कधीतरी, सणासुदीला' सांगणारा माणूस ब्रदरांपुढे रोजची क्वार्टर निमूट कबूल करायचा.

ब्रदर मालवणकडचे. शीर सापडत नसली की सगळ्या वॉर्डांतून त्यांनाच बोलावणं. कोविडच्या वर्षी माणसं अपुरी, म्हणून त्यांनी लागोपाठ दोन-दोन पाळ्या केल्या. गेलेल्यांच्या घरी फोन करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं, कारण त्यांचा आवाज शांत होता. झोप लागत नाही म्हणून थोडी घेतो, असं त्यांनी मला तेव्हा एकदाच सांगितलं. मी नुसती मान हलवली.

पुढे ते सकाळच्या पाळीला थरथरत्या हातांनी यायला लागले. अशा वेळी तुम्हीआम्ही काय करतो? आपल्या माणसाला पाठीशी घालतो. मी आणि आणखी एक सिस्टर त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत आडवं करून सलाईन लावायचो. तासाभराने "झकास" म्हणत ते उठायचे. त्यांच्या वाट्याची इंजेक्शनं आम्ही देऊन टाकायचो. केसपेपर मात्र कधी काढला नाही. काढला तर नोंद होणार, नोकरीवर गदा येणार. चार वर्षं आम्ही त्यांची नोकरी वाचवली, आणि त्याचा मला अभिमानही होता.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या बायकोने त्यांना रिक्षातून आणलं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. ड्युटी माझी, त्यामुळे केसपेपर माझ्याच हातात. दारूच्या रकान्याशी पेन अडलं.

"ब्रदर, किती वर्षं घेताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं.

"तूच लिही गो. तुका म्हायत आसा."

शेजारी त्यांची बायको उभी होती. तिच्यासमोर मी 'चार वर्षं' लिहिलं. मग सलाईनसाठी शीर शोधायला लागले. दोनदा टोचलं, सापडेना. ब्रदरांनी दुसऱ्या हाताचं बोट मनगटाशी टेकवलं आणि म्हणाले, "हंय बघ." तिथे लागली.

नवव्या दिवशी ते गेले. त्यांच्या नावाचा तो पहिलाच केसपेपर, माझ्या अक्षरातला. तो मी चार वर्षं आधी काढायला हवा होता. हे खरं मी त्यांच्या बायकोला अजून सांगू शकलेले नाही.