डाव्या वळणाचे दिवे

फ्यूजकाकांनी अठ्ठावीस वर्षांत सिनेमा पाहिला नव्हता. घरच्यांना वाटायचं, नसते एखाद्याला आवड. ते मोटारींच्या वायरिंगचं काम करायचे. गाडी आली की आधी फ्यूज बघायचे, मग गाडी आणणाऱ्याकडे; म्हणून हे नाव. माणूस थट्टेखोर. बंद पडलेल्या हॉर्नला 'लग्न झालेला हॉर्न' म्हणायचे. पण वायरचा जोड करताना एकदम गप्प. कितीही घाई असो, जोडाला सोल्डर मारून तो पक्का केल्याशिवाय गाडी सोडायचे नाहीत.

एका दुपारी जुन्या शेठची मुलगी दुकानात आली. वडील वारल्यावर तिने त्यांच्या शेडमधली जुनी मोटार बाहेर काढायचं मनावर घेतलं होतं. इंजिन सुरू झालं होतं; हेडलाइट मात्र लहरी होते, लागायचे आणि मध्येच जायचे. सांगता सांगता ती अडखळली.

"काका, तुमचे दादाच चालवायचे ना ती? डुलकी लागली होती म्हणे त्यांना."

काका नुसते "उद्या येतो" म्हणाले.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, शेठकडे ड्रायव्हर. एका संध्याकाळी गाडीत तो एकटाच होता. अंधार पडता पडता उतारावरच्या डाव्या वळणाला गाडी न वळता सरळ गेली आणि झाडावर आदळली. दादा जागच्या जागी गेला. पोलिसांनी झोप लागल्याचं लिहिलं, लोकांनी तेच धरलं. शेठनी पत्रा ठोकून घेतला, पण त्या गाडीत बसायला कुणी धजेना. ती शेडमध्ये गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी काकांनी शेडचं दार लोटलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. आत बसले तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. दादा उंच होता; सीट अजून त्याच्या मापाला मागे सरकवलेली. ती पुढे घ्यायला काकांचा हात गेला आणि परत आला. ते कडेला टेकून बसले. मागे कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं. दादा असाच खाकरायचा, गाडी सुरू करण्याआधी. काकांनी मागे पाहिलं नाही.

कामाला हात घातला तेव्हा जरा बरं वाटलं. बॅटरी नवी होती, बल्ब ठीक होते, स्विचपर्यंत करंट येत होता. त्यांनी दिवे लावले. भिंतीवर दोन पिवळे गोल पडले. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, गोल तसेच. डावीकडे फिरवलं आणि दोन्ही एकदम गेले. सरळ केलं, परत आले. त्यांनी चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा डावीकडेच भिंत काळी झाली.

वायर स्टिअरिंगच्या दांड्याला बांधलेली होती. दांडा डावीकडे फिरला की ती ताणली जायची. टॉर्च घेऊन काका डॅशबोर्डखाली आडवे झाले. कडक झालेली काळी टेप सोलायच्या आधीच त्यांनी ती ओळखली होती. गुंडाळी त्यांच्या हातची होती. आत तांब्याच्या तारा नुसत्या पिळलेल्या. सोल्डर नाही.

अपघाताच्या दिवशी उन्हं कलताना हा जोड त्यांनीच केला होता. मित्र तिकिटं काढून थांबले होते, सिनेमाची वेळ झाली होती. सोल्डर उद्या मारू म्हणून ते निघून गेले. मध्यंतरात कुणीतरी त्यांना शोधत आलं.

तेव्हापासून ते मनाला समजावत आले होते, जोड टिकला असेल, दादाला झोपच लागली असेल. आता तार त्यांच्या बोटांत होती. दादा टक्क जागा होता. वळणावर त्याच्यासमोर अचानक काळोख झाला, एवढंच.

वायर पुन्हा होती तशी टेपात गुंडाळून झाकून टाकणं सोपं होतं. काकांनी जोड कापून खिशात घातला आणि तसेच वहिनीकडे गेले. तारेचा तुकडा तिच्यासमोर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, सिनेमासकट.

वहिनीने तुकडा उचलून बघितला. मग म्हणाली, "आदल्या रात्री मी भांडले होते त्यांच्याशी. पहाटेपर्यंत झोपू दिलं नाही. मला वाटत आलं, माझ्यामुळेच डोळा लागला त्यांचा."

काकांना हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी मुलांशीसुद्धा कधी नीट हसले नाही."

तिने त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मुलांना तुम्हीच सांगायचं."

त्यांनी सांगितलं. शेठच्या मुलीलाही सांगितलं. थोरल्या पुतण्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते आजही टाकलेलंच आहे. धाकटी पुतणी रडली आणि मग वडिलांबद्दल विचारत बसली: ते कसे हसायचे, कुठली गाडी त्यांना आवडायची. त्या घरात दादाचं नाव मोकळेपणी निघालं ते तेव्हापासून.

काकांनी गाडीचं वायरिंग पूर्ण नवं केलं. शेठची मुलगी ती आता हौसेनं फिरवते. रस्त्यावर त्या गाडीचे दिवे दिसले की काका दुकानाच्या पायरीवर उभे राहतात आणि ती पुढच्या चौकातून डावीकडे वळेपर्यंत आत जात नाहीत.