सीनूच्या गुळगुळीत तारा

आमच्या ऑर्केस्ट्राची गाणी वर्षानुवर्षं तीच आहेत. किस्से मात्र दर तालमीला नवे! सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या खोलीत चहा यायच्या आत एखादा घडतोच. हे सगळे सीनूनं इलेक्ट्रिक गिटारला नवीन तारा लावल्या तेव्हाचे.

सीनू दिवसा टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवतो. रंगाच्या पाण्यानं बोटांना भेगा पडतात आणि संध्याकाळी त्याच बोटांनी खरबरीत तारा दाबायच्या! कार्यक्रम संपला की रुमालावर रक्त. म्हणून त्यानं चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत तारा मागवल्या.

पाकीट फोडल्यावर आम्ही सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं. ड्रमवाला सतीश म्हणाला, "तारा हायेत का शेवया? तुपात परतू का?"

* * *

आवाजात फरक पडतो का, हे बघायचं ठरलं. जुन्या तारांची एक गिटार मागून आणली आणि सतीशला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

तो छातीठोकपणे म्हणाला, "पहिली जुनी, दुसरी नवी. दुसरीला काय गोडवा हाय! माणसाची बोटं कळतात राव!"

दुसरी मी कीबोर्डवर वाजवली होती.

* * *

नव्या तारांचा पहिला कार्यक्रम मंगळवेढ्याला, लग्नात. आवाज एकदम मऊ. दोन गाणी झाल्यावर नवरीचे मामा काळजीनं स्टेजपाशी आले.

"गिटारवाल्याला बरं न्हाय का?"

"बरा आहे की!"

"मग लई दबकून वाजवायलाय. आमी त्याला कायबी बोललो न्हाय हां!"

त्या दिवशी आमचे गायक बसवराज अण्णा गावी गेले होते, गाणी कोरसवाल्यांनीच म्हटली. ते नव्हते म्हणून निभावलं, हे नंतर कळलं.

* * *

अण्णांच्या आवाजावरच आमची बुकिंगं चालतात. ते डोळे मिटून गातात. पुढच्या तालमीला गाण्याची सुरुवातीची धून आम्ही वाजवली, परत वाजवली, आणखी वाजवली. अण्णा माईक धरून शांत उभे!

"अण्णा, गा की!"

"तार कुटं बोलली अजून?"

आम्ही चक्रावलो. मग उलगडलं. जुन्या खरबरीत तारांवरून सीनूचा हात सरकला की 'चुंई' असा बारीक आवाज व्हायचा. आम्हाला तो दोष वाटायचा. अण्णा इतकी वर्षं त्याच आवाजावर गाणं उचलत होते!

"मात्रा मोजत बसलो तर गाणार कोण?" अण्णा म्हणाले.

मी मान हलवून खूण करून पाहिली, पण मिटल्या डोळ्यांना दिसणार काय? डोळे उघडले तर अण्णा शब्द विसरायचे. शेवटी सीनू हळूच म्हणाला, "अण्णा, जुन्या तारा घालतो परत."

"ब्याड, ब्याड! नको म्हंजे नको! त्यापेक्षा मी गाणं सोडतो. बोटं फाडून घ्यायची न्हाईत, सांगून ठिवतो!"

मला रडूच आलं. अण्णांशिवाय ऑर्केस्ट्रा कसला? आणि सीनूशिवाय तरी कसला?

* * *

परवा सोलापुरातच एक रिसेप्शन होतं. धून सुरू झाली. अण्णांनी डोळे मिटले. सीनूचा हात तारांवरून सरकला, आवाज काहीच नाही. तेवढ्यात सीनू कोरसच्या माईककडे वाकला आणि तोंडानंच म्हणाला, "चुंई!"

अण्णांनी बरोबर सूर पकडला. पहिल्या रांगेतल्या बायका खुसखुसल्या.

दुसऱ्या कडव्याआधी सीनूबरोबर पहिली रांगही म्हणाली, "चुंई!" तिसऱ्याआधी अख्खा हॉल! अण्णा डोळे मिटून, ठरल्या जागी, झकास गायले. टाळ्या थांबेनात.

स्टेजवरून उतरल्या उतरल्या अण्णांनी सीनूला गाठलं. चेहरा लालबुंद.

"सांगितलं हुतं न्हवं तुला? तरी जुन्या तारा घातल्यास! दाव बोटं."

सीनूनं गुपचूप दोन्ही हात पुढं केले.