भाचीच्या घासांची वही

माझ्या भाचीला पहिला घास मी भरवला. आमच्याकडं उष्टावण मामाच्या हातानं करतात, म्हणून तो मान मला मिळाला. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. तिला सहा महिने पूर्ण झाल्यावर आक्कानं तांदळाची खीर केली आणि मी बोटावर थोडीशी घेऊन तिच्या ओठाला लावली. तिनं चाटली, डोळे मोठे केले आणि पुन्हा तोंड उघडलं. सगळे हसले. मला वाटलं, झालं, पोरगी जेवायला लागली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती आणि दाजी लातुरात खाणावळ चालवायचे. भूकंपानंतर दाजींचा देवणीकडच्या त्यांच्या दगडी घरावरचा विश्वास उडाला होता. शहरात क्लासेस वाढत होते, गल्लीगल्लीत पोरं खोल्या करून राहत होती आणि त्यांना दोन वेळा जेवायला लागत होतं. पत्र्याच्या दोन खोल्या घेऊन दोघांनी खाणावळ सुरू केली. शिरूर अनंतपाळ, मुखेड, कुठून कुठून आलेली पोरं तिथं भिंतीला पाठ लावून ओळीनं जेवायला बसायची. मीही त्यांच्यासारखाच बारावी सायन्सला होतो, फक्त राहायला बहिणीकडं होतो.

खिरीनंतर दोन महिने पोरीनं धड काही खाल्लं नाही. अंगावरचं दूध तेवढं प्यायची, पण आक्का दिवसभर चुलीपुढं, तिचंही दूध कमी होत चाललं होतं. अंगणवाडीच्या बाईंनी वजनाच्या कार्डावर काढलेली रेघ वर चढायची ती आडवी झाली. ही गोष्ट देवणीला आक्काच्या सासूबाईंच्या कानावर गेली आणि त्यांचा निरोप आला : पोळा झाला की येते आणि पोरीला घेऊन जाते. घरी गाय आहे, मी सांभाळते.

तो निरोप ऐकल्यावर आक्का माझ्याकडं वळली. "तू कॉलेजात जातोस. तूच काही तरी बघ बाबा. मला चुलीपुढनं उठता येईना."

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळं मला सगळंच येत असणार असं घरच्यांना वाटायचं. मला ते येत नाही हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी दवाखान्यातून एक माहितीपत्रक आणलं. त्यात लिहिलं होतं, बाळाला वेगवेगळे पदार्थ द्यावेत. एवढंच वाक्य मी मनावर घेतलं आणि फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर वेळापत्रक आखलं. सोमवारी मूग, मंगळवारी भोपळा, बुधवारी रताळं, गुरुवारी पालक, शुक्रवारी राजगिरा, शनिवारी केळं. रविवारी क्लासमध्ये टेस्ट असायची, म्हणून इथंही रविवारी काय काय खाल्लं त्याचा निकाल. पदार्थापुढं 'पास' किंवा 'नापास' असा शेरा.

पोरीनं भोपळा थुंकला. नापास. पालक जिभेनं बाहेर ढकलला. नापास. रताळं माझ्या सदऱ्यावर आलं. आमच्या क्लासमध्ये कमी मार्क पडले की पोराला खालच्या बॅचला टाकायचे आणि सर त्याच्याकडं पुन्हा बघायचे नाहीत. मीही नापास पदार्थाकडं पुन्हा बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात नवे पदार्थ. तेही पडले. मूग तिच्या घशाखाली उतरावेत म्हणून मी वरणाचं वरचं पाणी देऊ लागलो, ते ती प्यायची. पास. महिनाअखेर माझ्या यादीत तीन नावं उरली : केळं, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. आणि माझी खात्री अशी की चूक असेल तर पोरीची आहे.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, आक्का आत्याबाई. पायरीवर पिशवी ठेवली आणि आधी नातीचा दंड दोन बोटांत धरून बघितला. दुपारी मी वही घेऊन बसलो होतो, तेव्हा शेजारी येऊन बसल्या.

"काय लिवायलास?"

"पोरीला काय चालतं, काय चालत न्हाई, ते."

"वाच बरं."

मी वाचलं. आवाज जरा ताठ होता.

"भोपळा कितीदा दिला?"

"एकदा. थुंकली."

"पालक?"

"एकदाच."

"आनि तू तुझा धडा कितीदा वाचतोस? एकदा वाचला की येतो?"

"न्हाई."

"मग तिला एकदाच का? ती काय तुझ्यापेक्षा हुशार हाय?"

आत पोळपाटावर आक्काचं लाटणं थांबलं. ती हसली असेल, पण आवाज आला नाही.

"आनि हे वरणाचं पानी कशाला? गुरांची गव्हान धुतल्यावानी. त्यात हाय काय? पानी पिऊन पोट भरतं, मग घास कुठं मावायचा? घट्ट पायजे. चमच्यातनं पडू नये असं."

मला राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या आणि त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्या आक्काकडं बघून म्हणाल्या, "आठ दिस राहते. पोरगी खायला लागली तर लागली. न्हाई तर माझ्यासंगं."

आक्का पदरानं हात पुसत नुसती उभी राहिली. तिला एवढं घाबरलेलं मी लहानपणापासून बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "मावशी, मीच करतो. पुन्हा पहिल्यापासनं."

पास-नापासचा रकाना मी खोडला आणि त्याच्या जागी 'कितव्यांदा' असं लिहिलं. एकच भोपळा घेतला. वाफवला, मुगाच्या मऊ खिचडीत दाबून कालवला. रोज सकाळी आणि दुपारी, अंगठ्याच्या पेराएवढा. थुंकला तर पुसायचं, चेहरा वाकडा करायचा नाही, चमचा दोनदा पुढं करायचा, तिनं तोंड फिरवलं की थांबायचं. शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं.

मावशींनी आणखी एक बदल केला. पोरीला एकटीला कोपऱ्यात बसवून भरवायचो, ते बंद. खाणावळीच्या ओळीत मी माझ्या ताटापुढं तिला मांडीवर घेऊन बसायला लागलो. पोरं चेकाळली.

"'ए' बॅचला नवीन मॅडम आल्या!"

"खा की गं. आमाला रोज भोपळाच हाय, आमी खातोच ना!"

"मामा, हिला ग्रेस मार्क देऊ नकोस."

ती सगळ्यांच्या तोंडांकडं बघत बसायची. कुणी घास घेतला की तिचंही तोंड किंचित हलायचं. तिसऱ्या दिवशी तिनं भोपळा लगेच थुंकला नाही, तोंडात धरला आणि मग थुंकला. मी लिहिलं : सहाव्यांदा, थोडा वेळ धरला. पाचव्या दिवशी तिनं दोन चमचे गिळले.

सहाव्या दिवशी मात्र सगळं उलटलं. सकाळपासून तिनं ओठ मिटले ते उघडलेच नाहीत. दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "साखर घाल चिमूटभर. खाईल. आत्याबाई जाईपर्यंत तरी खाऊ दे. त्यांना काय कळतंय."

साखरेचा डबा तिच्या हातात होता. मलाही घालावीशी वाटत होती. दोन दिवसांचा प्रश्न होता, आणि पोरगी गेली असती तर आक्काचं काय झालं असतं हे मला दिसत होतं.

"आक्का, मग ती साखरच खाईल. भोपळा न्हाई. त्या गेल्या की आपण परत तिथंच."

"लई शाना झालास."

"शाना न्हाई. पण एवढं कळलंय मला."

तिनं डबा आपटून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी तीच खिचडी, तेवढीच, पुन्हा दिली. पोरीनं नाही खाल्ली. वहीत तसं लिहिलं.

सातव्या दिवशी दुपारी ओळीत बसलो होतो. वरणात भिजून मऊ झालेली भाकरी मी कुस्करत होतो. पोरीनं पुढं वाकून माझ्या ताटात हात घातला, मूठ भरली आणि स्वतःच तोंडात कोंबली. अर्धं गालाला, अर्धं आत. पोरं वाकून बघायला लागली. तिनं चघळलं, गिळलं आणि पुन्हा हात घातला. मग मी खिचडी पुढं केली. त्यातला भोपळाही गेला, पाच-सहा चमचे. एक मुखेडचा पोरगा ओरडला, "ॲडमिशन पक्कं!" आणि दचकून ती रडायला लागली.

आठव्या दिवशी मावशींनी दुपारी स्वतः नातीला भरवलं. येताना आणलेल्या ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात दूध घातलं होतं. वाटी अर्ध्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "आता म्होरं काय देनार?"

"उद्यापासनं मेथी. पानं शिजवून वरणात."

"थुंकंल."

"थुंकू दे. दहादा देईन."

त्यांनी वाटी खाली ठेवली, नातीचं तोंड पदरानं पुसलं आणि तिला उचलून आक्काच्या हातात दिलं. "शेन-गोठा पडलाय तिकडं. मी दुपारच्या गाडीनं जाते," एवढंच म्हणाल्या. दाजी त्यांना स्टँडवर सोडायला गेले.

आक्का पोरीला छातीशी धरून दारात तशीच उभी होती. आत पोरं जेवायला येऊन बसली होती. कुणी तरी ताटावर वाटी वाजवली, "आक्का, चपाती!"

"थांबा जरा," आक्का म्हणाली आणि वाटी घेऊन खाली बसली. "हिचं अर्धं जेवण राहिलंय."