ताईच्या गावचं विमान

मी विमानतळावर काउंटरला बसतो. आमचा विमानतळ एवढासा, की पाहुण्याला सोडायला आलेला माणूस चुकून विमानात जाऊन बसेल. तरी नातेवाइकांत माझी ऐट अशी, की जणू विमानं माझ्याच अंगणात बांधलेली असतात.

ताईच्या गावालाही असाच एक विमानतळ आहे. सरळ उडालं तर चहाचा कप रिकामा होईपर्यंत पोचावं. पण सरळ उडतंय कोण? आधी उलट्या दिशेला मोठ्या शहरात जायचं, तिथे विमान बदलायचं आणि मग आपल्याच गावावरून ताईकडे. निव्वळ द्राविडी प्राणायाम.

ताईच्या पोटातली गाठ काढायची ठरली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. फोनवर तिचा एकच हट्ट, "आत नेण्याआधी तू समोर हवास." बायको आदल्या दिवशीच बसने निघाली. म्हणाली, "चला की माझ्याबरोबर." मी हसलो. "बसने? मी? लोक काय म्हणतील?"

आम्हा विमान कंपनीच्या नोकरदारांना प्रवास फुकट, पण सीट रिकामी राहिली तरच. पहिल्या विमानात राहिली. मोठ्या शहरात मात्र काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बसा काका, बघते." हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय, की त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. काही खरं नाही, असा.

"एकच सीट उरलीय," तीच पुढे म्हणाली, "तिकीट काढून टाका ना."

तिकीट? हॉटेलवाल्याने स्वतःच्याच हॉटेलात बिल भरावं तसं वाटलं मला. "छे, छे," म्हणत मी रुबाबात खुर्चीत जाऊन बसलो. तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आले, तिकीट काढून आत गेले. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. "काढतो, काढतो!" करत मी काउंटरकडे धावलो. मुलीने नुसती मान हलवली. काचेतून विमान जाताना पाहिलं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. दुपारच्या विमानाचं तिकीट मग निमूट काढलं.

पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. बायको दारातच भेटली.

"सगळं नीट पार पडलं," ती म्हणाली. "पण भूल देईपर्यंत दाराकडेच बघत होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, पाच मिनिटं थांबा, भाऊ उतरतच असेल."

एवढं सांगून ती आत वळली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आत नर्स ताईचं सलाईन बघत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "हेच का ते विमानवाले भाऊ? आणि आत्ता येताय?"

मी तोंड उघडणार तोच ताई अर्धवट गुंगीत पुटपुटली, "हवामान खराब होतं. हो ना रे?"

दिवसभर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खिडकीतून तिच्या पांघरुणावर लख्ख ऊन आलं होतं.

"हो ताई," मी म्हणालो, "फारच खराब होतं."