स्टूलमामांची चार दारं

तळमजला धरून चार मजल्यांच्या त्या इमारतीची लिफ्ट बावीस दिवस आजारी होती. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त बाईंच्या गुडघ्यांना जिना वर्ज्य, म्हणून तितकेच दिवस त्याही घरात कोंडलेल्या. रोज वरून हाक यायची, "स्टूलमामा, मला खाली आणताय की इथूनच परस्पर वर पाठवताय?"

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मामांना स्टूलमामा हे नाव पडलं ते त्यांच्या उस्तादांच्या शिकवणीमुळे. दुरुस्ती झाली की मोटरचा फ्यूज काढायचा, एकेका मजल्याच्या दारात स्टूल अडकवायचं आणि बघायचं. दार उघडं असताना लिफ्टला चालायची परवानगी देणारा हिरवा दिवा लागता कामा नये. पस्तीस वर्षांत एकही लिफ्ट त्यांनी या परीक्षेशिवाय सोडली नव्हती.

यावेळी जुनं यंत्र जळालं आणि लिफ्ट चालवणारं नवं इलेक्ट्रॉनिक कार्ड आलं. त्याला प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहून शहाणं करावं लागे. मामांना वायर कळायची, ओळी नव्हत्या. सुनेने स्वयंपाकघरात बसवून शिकवलं.

"बाबा, चारी दारांचा मिळून एक आकडा. पहिलं बंद तर एक, दुसरं दोन, तिसरं चार, चौथं आठ. सगळी बंद तर?"

"पंधरा. बेरीज येते गं मला."

सुनेने ताळा घेण्याची खूणही दाखवली. मामांनी लिहिलं, दारं && 15, आणि सकाळी कार्ड बसवलं. बाई पर्स घेऊन वर तयारच होत्या. इमारतीचे सेक्रेटरी तपासणीचा कागद नाचवत आले. "करा सही. आता यंत्रच दारं बघतंय, मग स्टूल कशाला? बसायला?"

"बसायलाच. दारात," मामा म्हणाले, मोटरचा फ्यूज काढला आणि तळमजल्याच्या पहिल्या दारात स्टूल ठेवलं.

हिरवा दिवा लख्ख लागला.

उघड्या दाराशी काठी टेकणाऱ्या बाई मामांच्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांनी सुनेला फोन लावला.

"बाबा, ती खूण एकदा लिहिलीत की दोनदा?"

"दोनदा. नटावर नट चढवतो तसं. पक्कं व्हावं म्हणून."

सून हसली नाही. "दोनदा लिहिली की ते एवढंच विचारतं, इकडे काही आहे का, तिकडे काही आहे का. पहिलं दार उघडं, म्हणजे आकडा चौदा. काहीतरी आहे ना? मग झालं, हो म्हणालं. एकदाच लिहा, म्हणजे ते दारागणिक ताळा घेईल. आणि उत्तर बरोबर पंधराच आलं का, तेही विचारा."

मामांनी एक खूण खोडली आणि लिहिलं, (दारं & 15) == 15. स्टूल चारी मजले चढलं. चारी वेळा दिवा विझलेला. सगळी दारं लावली, तेव्हाच लागला.

मग त्यांनी फ्यूज बसवला. कागदावर 'तपासणारे' या रकान्यात आधी सुनेचं नाव लिहिलं, मग उस्तादांचं, शेवटी स्वतःचं.

"हे मधले कोण?" सेक्रेटरींनी विचारलं. "त्यांची सही घ्या."

"ते जाऊन बारा वर्षं झाली. पण सकाळी कामावर होते."

स्टूल लिफ्टमध्ये ठेवून मामा वर गेले आणि बाईंना त्यावर बसवलं.

"डुगडुगतंय हो हे."

"डुगडुगू दे, बाई. आज त्यानंच सांभाळलंय तुम्हाला."

"बरं. मग दाबा बटण. बावीस दिवसांची भाजी आणायचीय."