भात शिजेपर्यंत

माझी आत्या ठाण्याच्या मासळीबाजारात बसायची. पाटावर उकिडवी बसून, विळी पायाखाली दाबून ती मासे कापायची. त्या बाजारात जागेला कागद नव्हता. जी बाई रोज येऊन बसते, तिची ती जागा. बसणं थांबलं की जागा गेली. आत्याला ती तिच्या सासूकडून मिळाली होती. स्टुलावर बसून विळी चालवता येत नाही, म्हणून गुडघे दुमडणं हीच तिची नोकरी होती.

पन्नाशीत ते गुडघे धरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी पोट बिघडलं. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका मात्र पूर्वीपासून एकच उपाय करत आल्या होत्या. थंडीच्या दिवसांत एसटीनं भिवंडीमार्गे तानसा नदीच्या बाजूला जायचं आणि गरम पाण्याच्या कुंडात बसायचं. आत्याही जाऊ लागली. वडिलांनी मासेमारी सोडून कंपनीत नोकरी धरली होती आणि आम्ही वर्तकनगरला राहायला आलो होतो, पण आत्याला सोबत म्हणून मला पाठवलं जाई. ऐंशीच्या दशकात मी बऱ्याच वेळा तिच्याबरोबर गेले.

कुंडाचं ते गाव खदानींचं होतं. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या पुलांसाठी तिथला दगड निघाला आणि नंतर ठाणे-डोंबिवलीच्या इमारतींसाठी. आमच्या वसाहतीच्या जोत्यातही तोच दगड आहे, असं वडील सांगत. डोंगर अर्धा कापलेला होता. त्याच्या पायथ्याशी दगडफोड्यांच्या कुडाच्या झोपड्या आणि झोपड्यांच्या खाली, नदीच्या अंगाला कुंड. संध्याकाळी दगडफोडे अंगावरची पांढरी पूड तिथेच धुवायचे. दिवसा बायका बसायच्या.

बसण्याचा एक नियम होता. घरून आणलेले तांदूळ फडक्यात सैल बांधायचे आणि पुरचुंडी दोरीनं कुंडात झरा जिथे पडतो तिथे सोडायची; तिथे पाणी कढत असतं. मग आपण कुंडात उतरायचं. भात शिजला की उठायचं. त्याआधी उठलं तर पाणी लागू पडत नाही आणि त्यानंतर बसलं तर चक्कर येते. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. भाताला गंधकाचा वास यायचा. देऊळ जवळ असल्यामुळे सुके बोंबील मात्र एसटी स्टँडवर परत येईपर्यंत पिशवीतून बाहेर निघत नसत. "देवाला वास चालंल, पुजाऱ्याला नाय चालत," असं आत्या म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खदान बंद पडली. तोवर मी ठाण्यातल्या एका दैनिकात बातमीदार म्हणून लागले होते. त्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा डोंगराखालच्या झोपड्या शेणानं नव्यानं सारवलेल्या दिसल्या. दारांपुढे रांगोळीची नक्षी होती, बाहेर मोटारी उभ्या होत्या. दगडफोडे कुठे गेले ते कोणी सांगेना. खदानीच्या मालकानं त्यांच्या झोपड्या मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. फाटकावर 'गावरान विश्रांतिस्थान' अशी पाटी होती. खाली कुंडावर जुनी पाटी तशीच होती: 'प्राचीन गरम पाण्याचे कुंड'. तिच्या शेजारी आता तिकिटाची खिडकी होती.

आम्ही तिकीट काढून उतरलो. पाणी कोमट होतं. आत्यानं पायानं चाचपून पाहिलं.

"निवालंय गो."

कुंडावरच्या माणसानं ऐकलं. "सकाळचं असंच असतं मावशी. बसा, तापेल थोड्या वेळात."

आत्यानं पुरचुंडी सोडली आणि ती बसली. बरोबर कोळीवाड्यातल्या आणखी दोघी होत्या. त्यातली एक थोड्या वेळानं उठून कपडे पिळायला लागली.

"तुजा भात शिजला का गं?" आत्यानं विचारलं.

"माज्या भाताला आज थंडी वाजलीय. त्याच्या आधी मीच गार व्हईन."

सगळ्या हसल्या. आत्या उठली नाही. मी दोरी ओढून पाहिली. तांदूळ भिजून फुगले होते, पण दाणा कच्चा होता. तिला उठायला सांगितलं.

"भात झाल्याबिगर उठाचा नाय."

"आत्या, पाणी गरम नाहीये."

"तापेल बोलला ना तो?"

तिनं दोरी माझ्या हातातून घेतली आणि पुरचुंडी परत सोडली. नदीवरून वारा येत होता. तिच्या बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या, ओठ निळसर झाले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती उठायला गेली आणि उठता आलं नाही. गुडघे दुमडले होते, तसेच राहिले. आम्ही तिघींनी काखेत हात घालून तिला पायरीवर ओढलं. तिनं पुरचुंडी तेवढी हातात घट्ट धरली होती.

पायरीवरून वर पाहिलं तर झोपड्यांच्या मागून वाफ निघत होती. तिथे, झऱ्याच्या उगमावर सिमेंटची पेटी बांधली होती आणि तिच्यातून निघालेला लोखंडी पाइप झोपड्यांकडे गेला होता. कुंडात येत होतं ते झोपड्यांतल्या पाहुण्यांच्या न्हाण्याच्या टाक्यांतून ओसंडून, उघड्या गटारातून वाहत आलेलं पाणी.

मी वर विश्रांतिस्थानाच्या व्यवस्थापकाकडे गेले. तिशीतला, नीटनेटका माणूस होता.

"झरा मालकांच्या जागेत येतो," तो म्हणाला.

"मग तिकीट कशाचं घेता?"

"कुंडात उतरण्याचं."

"पाटीवर गरम पाणी लिहिलंय."

"पाटी जुनी आहे, मॅडम."

खाली एका बाईचे पाय आखडलेत, थोडा वेळ एखाद्या टाकीत बसवू द्या, असं मी म्हटलं. त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. आत्याचं काष्ट्याचं लुगडं त्याला दिसलं असावं.

"मासळीवाल्या आहेत ना? पाहुणे तक्रार करतात."

ती सकाळभर पाण्यात बसली होती. तिच्या अंगाला कसलाही वास नव्हता.

मी बातमी दिली. ती आतल्या पानावर, छोटी छापून आली. दुसऱ्या दिवशी मालकाचा खुलासा आला, तो बातमीहून मोठा होता. त्यात त्यानं गावाला रोजगार दिल्याचं लिहिलं होतं. पाइपाबद्दल एक शब्द नव्हता. मी संपादकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, विषय संपला.

आत्याचे गुडघे सरळ झाले, पण पुन्हा पुरते दुमडले नाहीत. काही दिवस ती बाजारात उभी राहून टोपलीतले मासे विकत होती. कापून द्यायला बाई नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक शेजारणीकडे सरकायचं. पावसाळा संपून होड्या परत खाडीबाहेर गेल्या, तेव्हा तिच्या जागेवर तिची चुलत जाऊ बसलेली होती. भांडण झालं नाही. बाजाराचा नियम आत्याला ठाऊक होता आणि जावेलाही.

आत्यानं शेवटपर्यंत दोष तांदळाला दिला. "जुना तांदूल नेलता मी, तो शिजाचा नाय," ती सांगायची. मी तिला पाइपाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवाचं पानी कोन कसा नेल गो?" तिचा त्या पाण्यावरचा विश्वास मला तोडायचा नव्हता आणि ज्या मालकानं तो विश्वास विकला त्याच्या वाट्याला त्यामुळे कसलाच दोष आला नाही, हेही मला सहन होत नव्हतं. अजूनही होत नाही.

पुढे एकदा मी तिथे पैसे भरून, पाहुणी म्हणून राहिले. दगडफोड्याच्या झोपडीत फरशी बसवलेली टाकी होती. नळ सोडला आणि खाली हात धरला. चटका बसला. भात शिजला असता.