आईचं पित्त

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. मी बालवाडीत असताना कोथरूडला आलो, पण आईच्या स्वयंपाकाने पुणं कधी मानलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू नारायण पेठेतल्या. त्यांच्या गूळ घातलेल्या आमटीला आई 'आजाऱ्याचं जेवण' म्हणायची, अर्थात त्यांच्या माघारी.

गेल्या वर्षी माझं तोंड आलं ते बरंच होईना. जाईची पानं चावली, तूप लावलं. मग पाठीवर फोड उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि नाव सांगितलं, पेम्फिगस. इंग्रजीत ऐकताना मला सगळं नीट समजलं. मराठीत मात्र 'तोंड आलंय'च्या पुढे माझ्याकडे शब्द नव्हते, आणि सांगायचंही नव्हतं. फोड म्हटलं की लोक हात मागे घेतात. आईला बजावलं, बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये.

पण मला फोडणीतली मोहरीसुद्धा टोचायची, आणि आईला बिनतिखटाचं काही येत नव्हतं. एके दुपारी ती वर गेली. "अहो, मला पित्त झालंय. तुमची ती आमटी कशी करता?"

"आलात शेवटी गुळावर," काकू म्हणाल्या, आणि शिकवली. शिवाय मधूनमधून डबाही पाठवू लागल्या. तो मी खायचे.

घरात ठेचा बंद झाला. "दोन दोन स्वयंपाक कोण करणार," आई म्हणायची. गोळ्यांनी माझा चेहरा सुजला. जिन्यात भेटणारे म्हणायचे, "तब्येत छान सुधारली हो." मी हसायचे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीत मिसळ होती. आईने डिश पुढे केली, तर वाढायला उभ्या असलेल्या काकूंनी रश्श्याचं पातेलं बाजूला सरकवलं.

"तुम्हाला नाही. पित्त ना तुमचं?" त्यांनी तिला शिरा वाढला.

"अमरावतीची मिरची पुण्यात मऊ पडली," मागून कुणीतरी म्हणालं. आई हसली. चमच्याने शिरा नुसता इकडून तिकडे करत राहिली. तिची नजर पातेल्यावर होती.

मी रांगेतून पुढे गेले. 

"काकू, पित्त आईला नाही. आजार मला आहे. माझं शरीर माझ्याच कातडीला परकं समजतं, तोंडाच्या आतल्या कातडीलासुद्धा. म्हणून फोड येतात. माझ्यापासून दुसऱ्याला होत नाही तो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मी डबा भलत्याच बाईला पाठवत होते." मग आईच्या हातातली डिश घेऊन त्यांनी माझ्या हातात दिली. बोटांना बोटं लागली. त्यांनी ती घाईने काढून घेतली नाहीत.

"आणि तुम्ही धरा," दुसरी डिश रश्श्याने भरत त्या आईला म्हणाल्या. "पित्त बरं झालं तुमचं."

आईने पहिला घास घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. मिसळ काही तेवढी तिखट नसावी, काकूंनीच केली होती.